डिस्कस माशांसाठी शिळं पाणी

मंडळी, माझा डिस्कस माशांचा टँक आज एकदाचा भरला. पण त्यातलं पाणी माझं नाही!

वाळू अंथरून रोपं लावून झाली होती, हीटरही बसवला होता. नळाच्या ताज्या पाण्यातलं क्लोरीन माशांना सोसत नाही, ते उडून जावं म्हणून ड्रमभर पाणी उघडं ठेवून दिलं होतं. सकाळी औरंगाबादहून मासे घेऊन जालन्याला घरी आलो, तर ड्रममध्ये ताजं पाणी चमकत होतं.

"आठ दिवसांनी नळ आल्ता. शिळं टाकून देलं, ताजं भरलं," आई म्हणाली. आमच्याकडं घरोघरी हेच करतात.

असा संताप आला! मासे अजून पिशवीत होते.

आई कळशी घेऊन गल्लीत निघाली. "कोणाचं शिळं पाणी राह्यलंय का? आमच्या पाहुण्यांला पाहिजे." नळाच्या दिवशी शिळं पाणी मागणारी बाई गल्लीनं पहिल्यांदाच पाहिली. हसत हसत हंडे आले, बादल्या आल्या.

दुपारी मासे सोडले. बशीएवढे गोल, निळे-तांबडे. झाडांमधून असे सरकतात, जणू त्यांना कुठंच पोचायचं नाही. शेजारच्या काकू अजून टँकसमोरच बसल्यात. मघाशी हळूच म्हणाल्या, "तो निळा बघ, माझ्या हंड्याच्या पाण्यात फिरून राह्यला."

सगळं पाणी कधीच एक झालंय, हे काही मी त्यांना सांगितलं नाही. तुम्ही सांगितलं असतं?