तीज आणि थायलंड

वणीच्या कोळसा खाणीच्या कॉलनीत हिरासिंग राठोडांची शीला कोणाला ठाऊक नाही? साडीला फॉल लावायचा असो की पिको करायचा असो, बाया तिच्याच दारात येतात. तिचं काम पक्कं आणि तोंड त्याहून पक्कं. सकाळी सेवालाल महाराजांच्या आणि जगदंबेच्या फोटोपुढं दिवा लावल्याशिवाय ती मशीनला पाय लावत नाही, आणि एकदा पाय लावला की कोणाचा मुलाहिजा ठेवत नाही. नवरा खाणीत डंपर चालवतो. त्याला बोलता येत नाही असं नाही, पण घरात त्याच्यावर बोलायची पाळीच फारशी येत नाही.

या शीलाच्या मनात आलं की आपण परदेश पाहायचा. लग्न झाल्यापासून सुटी म्हटली की पोहरादेवी, नाहीतर मारेगावकडचा सासरचा तांडा. देवाला जायला तिची ना नव्हती. तांड्यावर जायला होती.

त्याला कारण तीज. श्रावणात तांड्यातल्या बिनलग्नाच्या पोरी टोपल्यांत गहू पेरतात, रोज विहिरीचं पाणी आणून घालतात, भोवती फेर धरून गाणी म्हणतात आणि वाढलेले कोंब शेवटी नाल्याच्या पाण्यात सोडून शिरवतात. पोरगी दीपा कडेवर होती तेव्हाची गोष्ट. शीला कौतुकानं टोपल्यांपाशी उभी होती आणि सासू सोनीबाई चार बायांसमोर म्हणाली, की एका पोरीवर ऑपरेशन करून बसलेल्या बाईनं इथं सावली पाडू नये. शीला त्याच पावली पोरीला घेऊन वणीला आली. तेव्हापासून दर श्रावणात दीपाला काही ना काही होत गेलं. कधी ताप, कधी परीक्षा, पुढं ट्युशन. पोरगी अकरावीत गेली तरी तिनं एकदाही तीज पेरली नव्हती.

आता आणखी दोन वर्षं, मग पोरगी नागपूर नाहीतर पुण्याला जाईल आणि पाहुण्यासारखी येत राहील. त्याआधी एकदा तिघांनी मिळून समुद्र पाहावा, पोरीनं आपल्या बाजूला बसून विमानाच्या खिडकीतून खाली पाहावं, एवढंच शीलाला हवं होतं. पण हे तिनं पोरीला असं कधी सांगितलं नाही. जेवायला वाढता वाढता तिनं जाहीर केलं, की थायलंडला जायचं ठरलं आहे आणि दोन ड्रेस घ्यावे लागतील.

दीपानं ताटातून मान वर केली नाही. थायलंडला बाप्ये जातात मालिश करायला, आपण काय करायला जायचं, असं तिनं विचारलं. हिरासिंगला ठसका लागला. शीलानं त्याला पाणी दिलं नाही.

मग रोजचंच झालं. शीलानं स्वतःसाठी जीन्स आणली तर पोरगी हसली नाही, नुसती बघत राहिली, आणि ते हसण्यापेक्षा वाईट लागलं. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला तर शेजारची इंदुताई घरोघरी विचारत सुटली, की हिरासिंगनं खाणीतलं डिझेल विकलं की काय. शीला तिला दारात गाठून बोलली, आणि परत येऊन तोच राग पोरीवर काढला, कारण पोरगी आत बसून कोणाशी तरी फोनवर तीच गंमत सांगत होती. पोरीचा मोबाईल काढून घ्यायचा, दोन दिवसांनी द्यायचा, पुन्हा काढून घ्यायचा. आई म्हणे, माझ्या वयात मला झरीच्या पुढं गाव माहीत नव्हतं. पोरगी म्हणे, मग तूच जा, मी कुठं अडवलं.

शीलाच्या हातून एक चूक मात्र झाली. नागपूरच्या एका टूरवाल्याकडे नाव नोंदवताना तिनं मुद्दाम गोकुळाष्टमीनंतरची तारीख धरली. तिच्या माहेरच्या तांड्यात गोकुळाष्टमीला तीज आटोपते. सासरीही तसंच. तांड्याशी वाकडं असलं तरी देवाधर्माच्या दिवसांत निघून गेली असं कोणी म्हणू नये, एवढी काळजी तिनं घेतली. पण त्या वर्षी श्रावण लागता लागता तांड्यातले जुने कारभारी वारले. दुखवट्यात तीज पेरत नाहीत. तांड्याचा प्रमुख, नायक खेमसिंग, यानं ती पुढं ढकलली. हिरासिंग मयतीला जाऊन आला, पण तीज कधी पेरली आणि कधी शिरवली याच्याशी बाप्यांना काय देणंघेणं. सोनीबाईनं फोन केला नाही. शीलानं तर कित्येक वर्षांत केला नव्हता. ज्या घरात बोलणं चालू असतं तिथं ही गोष्ट चहा पिता पिता कळली असती.

दीपाला मात्र कळली होती. तांड्यातल्या चुलत बहिणींचा मोबाईलवर गट होता आणि आईला त्याचा पत्ता नव्हता. दीपा गप्प राहिली. आईबरोबर बाजारात जाऊन तिनं नव्या चपलाही घेतल्या.

पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन झालं आणि ती बापाच्या मोटरसायकलवर मागं बसून तांड्यावर गेली. गोकुळाष्टमी होऊन गेली, तीज आटोपली असेल, म्हणून शीलानंही अडवलं नाही. उद्या येते म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"मम्मी, मी तीज पेरली. आता शिरवल्याबिगर मले येता येत नाही."

शीलाच्या हातात फॉल लावायची साडी होती. ती तिनं नीट घडी करून बाजूला ठेवली आणि मग फोनवर जे बोलली ते कॉलनीतल्या तीन घरांनी ऐकलं. दीपानं सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. त्यानंतर तो लागला नाही.

टूर नागपूरहून निघायच्या दिवशी शीलानं तिघांच्या बॅगा भाड्याच्या गाडीत भरल्या आणि हिरासिंगला गाडी तांड्यावर न्यायला लावली.  रस्त्यात हिरासिंगनं एकदा विचारलं, न्यायचीच आहे का तिला. तिनं खिडकीची काच खाली केली, बस.

तांड्यात शिरता शिरता विहिरीकडून पोरी येताना दिसल्या. दीपा मधे होती, डोक्यावर पितळी लोटा, केस ओले. सोनीबाई टोपल्यांपाशी खाटेवर बसली होती. शीलानं तिच्याकडे पाठ करून पोरीला सांगितलं, गाडीत बस. टोपल्याला कोणी बहीण पाणी घालेल.

उत्तर सोनीबाईनं दिलं. "पेरलेल्या पोरीले शिवेबाहेर नेत नाही. तू बी तांड्याचीच हाय, तुले सांगा लागते का?"

"नाही सांगा लागत, याडी," शीला सासूकडे वळून म्हणाली. "हिच्या जन्माले तुम्ही गूळ नाही वाटला, हे बी मले कोनी सांगा लागत नाही. आता पानी भराले लागली म्हनून गोड झाली का?"

"तवा नाही वाटला. आता वाटतो," सोनीबाई म्हणाली, आणि खरंच पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढून जवळच्या पोरीच्या हातावर ठेवला. कोणी तरी हसलं.

शीलाचं तोंड काळंठिक्कर पडलं. ती पोरीकडे फिरली. "तुले अगुदरपासून माहीत होतं?"

"होतं."

"मंग चपला घेताना काहून नाही बोलली?"

"तू इचारलं कवा? तू तं सांगत होती." दीपाचा आवाज चढला नाही. "मी कोनाच्या बाजूनं नाही. दादीनं बोलावलं म्हनून बी नाही आली. दरसाल माह्या बहिनी पेरत होत्या अन् तू मले तापाच्या गोळ्या देत होती. ताप नसतानी."

शीलानं तिचा दंड धरायला हात पुढं केला. लोट्यातलं पाणी हिंदकळून पोरीच्या खांद्यावर सांडलं. तिथंच तिचा हात थांबला. हे तिजेचं पाणी होतं. सासूला ती जुमानत नव्हती, नायकाला जुमानलं नसतं, पण या पाण्यात हात घालायची तिची छाती झाली नाही. लहानपणी तिनंही हेच पाणी डोक्यावर वाहिलं होतं. पोरीनं आईचा थांबलेला हात पाहिला, आणि बाजूनं निघून जाऊन आपल्या टोपल्यात पाणी घालू लागली. कोंब बोटभर वर आले होते, पिवळसर, दाट. शीलानं एवढं एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"ऱ्हाय मंग," ती म्हणाली. "घरी येशीन तवा माह्याशी बोलू नको."

"बरं," दीपा म्हणाली.

गाडीपाशी हिरासिंग उभा होता. त्यानं चावी खिशात टाकली. पोरगी नाही तर मीही नाही, टूरवाल्याला सांगून दे, असं तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्यानं काही ठरवलं असेल तर हेच.

शीलाला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. परत वणीला जायचं, इंदुताईच्या दारावरून बॅगा न्यायच्या, आणि पोरीनं जिंकलेलं घर झाडून काढायचं, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढं आलं.

"माही बॅग काढा," ती म्हणाली.

"एकटी जाशीन?"

"एकटीच तं हाव."

त्यानं बॅग काढली. फाट्यापर्यंत सोडतो म्हणाला, तर ती नको म्हणाली. तांड्याच्या देवळापुढं तिनं बॅग टेकवली, हात जोडले आणि चालू लागली. चिखलात बॅगेची चाकं फिरेनात, म्हणून ती उचलून घेतली. मागं पोरींचं गाणं सुरू झालं होतं. तिनं मान वळवली नाही, पण आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत तिचं पाऊल हळू पडत होतं.

फाट्यावर नागपूरची एसटी थांबली. शीला चढली, बॅग पायाशी ओढून बसली. कंडक्टरनं विचारलं, बाई, किती जण?

"एकच," ती म्हणाली, आणि पदरानं हाताचा चिखल पुसू लागली.