ड्रमवर : अज्ञात

लंडनच्या आसपास, स्टॅनमोरपासून स्लाऊपर्यंत, आमच्या साडूंइतकं मन लावून चिडणारा दुसरा माणूस नाही. थोरल्या मेव्हणीचे हे यजमान पेशाने भूलतज्ज्ञ. दिवसभर लोकांना शांत झोपवायचं आणि संध्याकाळी आमची झोप उडवायची! कौन्सिलवर चिडतात, ट्रेनवर चिडतात, पण खरा राग बेताल माणसांवर. एकदा मंडळाच्या गणपतीत सगळा हॉल आरतीत रंगलेला असताना हे ओरडले, "थांबा! लय पळतेय. पहिल्यापासून!" आणि बाप्पासमोर आरती खरंच पहिल्यापासून झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अहो, आरती आहे ही, कॉन्सर्ट नाही," मी म्हटलं. "तू गप्प बस. तुला ताल म्हणजे झांजा कुटणं वाटतं!"

हा माज उगीच नव्हता. सत्तरच्या दशकात हे ऑस्ट्रेलियातल्या एका मेंढ्यांच्या गावी तरुण डॉक्टर होते आणि तिथल्या रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचे. गिटारवर खाटीक, बास गिटारवर बँकेतला कारकून, गायला शाळामास्तर. चार वर्षं त्यांनी गावोगावचे पब दणाणून सोडले. नाही आवडलं तर लोक बिअर फेकायचे, आवडलं तरी फेकायचेच. एक रेकॉर्ड निघाली, आसपासच्या गावांत गाजली, मग मास्तरचं लग्न झालं, बँड मोडला आणि हे इंग्लंडला आले.

नवं शतक लागल्यावर कुणा हौशी कंपनीने त्या रेकॉर्डची सीडी काढली. साडूंनी ती मागवली, आतली पुस्तिका उघडली आणि घर डोक्यावर घेतलं. तिघांची नावं होती. ड्रमसमोर छापलं होतं, 'अज्ञात'.

"अज्ञात? चार वर्षं हाताला फोड आणले मी!"

खरं सांगतो, माझंही डोकं फिरलं. आपल्या माणसाचंच नाव बरं गाळतात हे लोक! "लावा त्या मास्तरला फोन," मी म्हटलं. "सोडायचं नाही."

स्पीकरवर साडू मास्तरला तोंडाला येईल ते बोलले. मास्तरने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "डॉक्टर, तूच म्हणाला होतास, नाव छापू नका, वडिलांना कळलं तर ते माझं तोंड बघणार नाहीत. आम्ही शब्द पाळला. इतकी वर्षं कुणालाही सांगितलं नाही."

साडूंनी पुस्तिका मिटली. आता मला त्यांचाच संताप आला. अहो, हजार माणसांसमोर वाजवलंत आणि नावाला घाबरलात? पण त्यांचा चेहरा बघून मी गिळून टाकलं. वडील जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

"सीडी पुन्हा काढतायत," मास्तर म्हणाला. "बोल, काय नाव घालायचं?"

साडूंनी घसा खाकरून पूर्ण नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, मग आडनाव. मधलं फार लांब आहे, गाळलं तर चालेल का, असं मास्तरने विचारलं मात्र, साडू असे कडाडले की मेव्हणी स्वयंपाकघरातून धावत आली.

"खबरदार! माझं राहिलं तरी चालेल, पण ते छापायचं!"

फोन ठेवून त्यांनी पुस्तिका पुन्हा उघडली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एकदा तरी ऐकवायला हवं होतं रे त्यांना."