हरकाऱ्याचा तुटका भाला

ही हकीकत सांगायचं मी सहा वर्षं टाळलं. लोक हसतील ही भीती नव्हती. ती सांगायची तर त्याआधीचं माझं वागणंही सांगावं लागणार होतं, म्हणून टाळलं. आज दोन्ही लिहितो.

मी जामसंड्याचा, निवृत्त शिक्षक. देव-देवस्की, भुतंखेतं यांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. माझा विश्वास भिंगावर. टपाल तिकिटांतले छपाईचे दोष ओळखणं हा माझा चाळीस वर्षांचा नाद. आमच्या भागातले पाच-सहा संग्राहक रविवारी सकाळी शाळेच्या एका वर्गात जमायचे, आणि तिकीट खरं की खोटं याबाबत माझा शब्द शेवटचा असायचा.

त्यातलाच एक दत्ताराम. नांदगावचा शिंपी. एका रविवारी त्याने डाकेच्या हरकाऱ्याचं चित्र असलेलं जुनं दोन आण्यांचं तिकीट आणलं. पळणाऱ्या हरकाऱ्याच्या भाल्याची काठी मधेच तुटलेली — केसाएवढी पांढरी फट. छपाईच्या साच्यालाच इजा झाली असेल, तर तो दोष प्रत्येक तावावर त्याच जागी उमटतो. तसा दोष म्हणजे आमच्यासाठी मोठा शोध. दत्ताला ते तिकीट मुंबईच्या प्रदर्शनात पाठवायचं होतं.

ब्लेडने खरवडून खोटी फट केली असेल, तर कागदाचे तंतू वर येतात. तिकीट उजेडात तिरकं धरलं की ते दिसतात. मी तिकीट तिरकं धरलंच नाही. इतक्या वर्षांत मला असं काही सापडलं नव्हतं... आणि याला सापडलं! मी भिंग खाली ठेवलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "दत्ता, शिवण उसवूचा ब्लेड जरा जास्तीच चालला काय रे?"

वर्ग हसला. दत्ता उभाच राहिला.

"मास्तरांनू, तुमी तरी असा बोला नकात," एवढंच म्हणाला. तिकीट पाकिटात घातलं आणि गेला. पुन्हा कधी आला नाही. त्याने पूर्वी दाखवलेली तिकिटंही लोक संशयाने पाहू लागले.

दोन महिन्यांनी माझ्याच जादा तिकिटांच्या डब्यात तसंच एक तिकीट सापडलं. तीच फट, त्याच जागी. वर टपालाच्या शिक्क्याची शाई त्या फटीवरून अखंड गेलेली, म्हणजे फट शिक्क्याच्या आधीची. दत्ता खरा होता. मी ते तिकीट पाकिटात घालून कपाटात ठेवलं, आणि गप्प बसलो. सहा वर्षं!

मग एकदा कुणीतरी सांगितलं, दत्ताची तब्येत बरी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाकीट काढलं. अंगणात उन्हात पाहिलं. सूनबाईलाही दाखवलं. "बाबा, काठी मधेच तुटलीय की!" भिंगाशिवाय तिला दिसलं. पाकीट खिशात घालून मी एसटीने नांदगावला गेलो.

दत्ता मशीनवर होता. वाळलेला, पण हात तसाच सफाईचा.

"मास्तरांनू! आज वाट चुकलास? बसा."

मी तिकीट पुढे केलं. त्याने ते दाराच्या उजेडात धरलं. तिरकं धरलं, जसं मी धरायला हवं होतं. बराच वेळ पाहिलं.

"ह्यात काय आसा? भालो पुरो आसा मा."

मी भिंग घेऊन पाहिलं. काठी टोकापासून बुडापर्यंत सलग होती. शिक्का तोच. डाव्या कोपऱ्यातला कडेचा तुटका दातही तोच. फट मात्र नव्हती.

दत्ताने तिकीट माझ्या तळहातावर ठेवलं. "तिकीट रवांदे. तुमी कित्याक इलास, ता सांगा."

मी का आलो ते ऐकायची तो वाट पाहत होता. मशीनवरचा पायसुद्धा थांबवला होता त्याने. आणि मी... मी म्हणालो, "पायजमो शिवूचो होतो."

क्षणभर त्याने माझ्याकडे पाहिलं. मग गळ्यातली टेप काढली आणि माझं माप घेतलं.

घरी येऊन पाकीट उघडलं. काठी तुटलेली! सूनबाईला हाक मारली. "सकाळसारखीच तर आहे," ती म्हणाली.

पंधरा दिवसांनी एसटीच्या कंडक्टरकडून पायजमा आला. त्यानंतर महिन्याभरात दत्ता गेला.

माझी नजर फसली म्हणावं, तर शिंप्याची नजरही त्याच क्षणी कशी फसली? दुसरं तिकीट नेलं म्हणावं, तर त्या शिक्क्याचं, त्या तुटक्या कोपऱ्याचं दुसरं तिकीट माझ्याकडे नाही. गेल्या सहा वर्षांत शेकडो वेळा पाहिलं — फट आहेच.

पण आता वाटतं, उत्तर शोधत बसणं हीसुद्धा माझी पळवाटच. माफी मागायला मला पुरावा कशाला हवा होता? त्या रविवारी जे हसले, त्यांनी हे वाचावं: दत्तारामचं तिकीट खरं होतं, खोटा मी होतो.

पायजमा अजून कपाटात आहे, घडी न मोडलेला. आणि एसटीत नांदगावपर्यंत घोकत नेलेलं ते वाक्यही तसंच राहिलंय — "दत्ता, ब्लेड तुझा नाय, माझी जीभ चालली. माका माफ कर."