आधी मागं बसा

तेलगावच्या रस्त्यावर सायलेन्सर बसवणारे एक मिस्त्री होते. गाडी कुणाचीही असो, ते आधी मागच्या हौदाकडे बोट दाखवत. "जय भीम. आधी मागं बसा." गिऱ्हाइकाला त्याच्याच गाडीत सामानासारखं कोंबणारा मिस्त्री तुम्ही तरी पाहिलाय का?

मी माझी पिकअप स्प्रिंगचे पाटे काढून खाली बसवली होती. दिसायला झोकात, पण दर गतिरोधकावर सायलेन्सर घासायचा. आता मला जाड पाइप हवा होता, चौकापर्यंत आवाज जाईल असा. मिस्त्रींनी मला मागे बसवलं, ताडपत्री ओढली आणि इंजिन चालू ठेवलं. पाच मिनिटांत धुरानं डोळे चुरचुरायला लागले. मी तणतणत उतरलो.

"हितं कोन बसतंय?" मिस्त्रींनी विचारलं.

"ऊसतोडीची माणसं. दिवाळीनंतर."

"लेकरं?"

"असतातच की."

मग त्यांनी चहाच्या टपरीवरची सहा माणसं हौदात चढवली आणि स्वतः गाडीखाली शिरले. "हौद लई खाली आला बघा. जाड पाइप एक्सलवर आपटून फुटंल. पाइप आन् एक्सलच्या मधी मूठ फिरली पायजे."

त्यांनी बारीक पाइप निवडला. हौदाखाली एकही जोड ठेवला नाही. एक्सलवरून नेऊन तोंड काढलं ते ड्रायव्हरच्या बाजूला, हौदाच्या कडेबाहेर. मला काही ते आवडलं नाही.

"आवाज कुठाय, मिस्त्री?"

त्यांनी हात पुसले. "आमी बी जात हुतो तोडीला. टरकात ताडपत्रीखाली पोरगी ओकायली. समदे म्हनले, गाडी लागली. लिंबू हुंगवत बसलो. मग झोपली. म्या म्हनलं, बरं झालं, झोपली."

 ताडपत्रीखालचा तो धूर मला आठवला. फार लाज वाटली.

मिस्त्री गेल्या उन्हाळ्यात वारले. यंदा माणसं भरण्याआधी मी बायकोला इंजिन चालू करायला सांगितलं आणि ताडपत्री ओढून हौदात बसून राहिलो. "कावून बसलाव तिथं?" ती विचारत होती.

माणसं घेऊन दुपारी साखर कारखान्यावर पोचलो. ताडपत्री उघडली, तर तोडकऱ्यांची पाचही लेकरं झोपलेली.  हाका मारल्या तशी चौघं डोळे चोळत, कुरकुरत उठली. सगळ्यात धाकटी काही उठेना. तिला उचललं, तर तिनं माझ्या कानाशीच भोकाड पसरलं.

तिची आई ओशाळली. मी मात्र पोरीला तसाच धरून उभा राहिलो. ते रडणं ऐकायला मिस्त्री हवे होते.