गौरीची डावीकडची नजर

राग मानू नका, पण इथले अनुभव मी वाचते ते हसायला. पिंपळावरची बाई, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा... वाचायचं आणि आमच्या ह्यांना म्हणायचं, लोकांना काय उद्योग नाय. भुताखेतांवर माझा विश्वास आधी नव्हता आणि आजही नाही. पण गेल्या वर्षी गौरीत रोह्याला जे झालं ते कुठेतरी बोलून टाकायचंय, आणि ओळखीच्या माणसांपुढे बोलायची माझी छाती नाही. म्हणून इथे लिहितेय. नावं बदललेली आहेत.

मी पेणजवळ जोह्याला गणपतीच्या कारखान्यात आखणी करते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं काम. आमच्याकडे रीत अशी, की आखणी चालू असताना तिथे कुणी बोलायचं नाही. मालकसुद्धा चहा हवा का ते खुणेनं विचारतात. कुणी बोललं की हात हलतो आणि हात हलला की देव तिरळा. ही रीत मोडणारी कारखान्यात एकच – मी.

कारण माझी हिरॉईन. नाव सांगत नाही, पण थ्रिलरमध्ये जी कधी किंचाळत नाही ती, एवढं म्हटलं तरी तुम्ही ओळखाल. बाकीच्या नट्या भीती वाटली की बोंबलतात. ही मानसुद्धा हलवत नाही. फक्त बुबुळं हळूच डावीकडे नेते... बस्स. आपल्या घशाला कोरड. तिकडे काहीतरी आहे हे आपल्याला कळतं, पण सिनेमातल्या एकाही माणसाला कळत नाही. ना नवऱ्याला, ना पोलिसाला. मग माझं डोकं फिरतं. मोबाईल रंगाच्या डब्याला टेकवलेला, एका कानात इअरफोन, हातात ब्रश, आणि मी ओरडतेय, "अरे ती डोळ्यांनी सांगते, तिकडं बघ ना बैला!" मालक कपाळाला हात लावतात. तिच्या सिनेमांच्या गोष्टी माझ्यामुळे अख्ख्या कारखान्याला पाठ आहेत. असल्या बिनडोक माणसांना घरात घेतंच कोण, असंही मी नेहमी म्हणायचे.

माझी थोरली नणंद रोह्याला असते. मी त्यांना ताई म्हणते. गौरी त्यांच्याकडे असतात, आमच्याकडे नाहीत, म्हणून दर वर्षी मी तिकडे जाते. गेल्या वर्षी जुन्या मुखवट्याचा रंग उडाला होता, तर ताईंनी नवा माझ्याकडूनच करून घेतला. डोळे अर्थात मी काढले, आणि सवयीप्रमाणे माझ्या हिरॉईनचा सिनेमा बघत बघत काढले. आवाहनाच्या संध्याकाळी गौर घरात आली, साडी नेसवली, दागिने घातले, सगळ्यांनी फोटो काढले. ताईंच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे आजी म्हणतो, त्या म्हणाल्या की मुखवटा जिता वाटतो. मी फुशारले.

दुसऱ्या दिवशी पूजन. पुरण शिजत होतं, शेजारच्या बायका यायला लागल्या होत्या. ताईंच्या जाऊबाई हळदीकुंकवाचं तबक घेऊन गौरीपुढे गेल्या आणि तिथेच थबकल्या. म्हणाल्या, "हिची नजर वाकडी हाय."

मी हात पुसत पुढे झाले. गौर डावीकडे बघत होती. चेहरा सरळ, फक्त दोन्ही बुबुळं डाव्या कोपऱ्यात. ती नजर माझ्या चांगलीच ओळखीची होती. अंगाचं पाणी पाणी झालं माझ्या, पण भीतीनं नाही हो, लाजेनं. मला वाटलं, सिनेमाच्या नादात आपण देवीला हिरॉईनचे डोळे काढून बसलो आणि काल झगमगाटात ते कुणाला दिसलं नाही. जाऊबाई टोमणा मारायला टपलेल्याच होत्या, कामावर सिनेमे बघितल्यावर दुसरं काय होणार म्हणाल्या. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आखणीत माझा हात धरणारं कुणी नाही असं मी सगळीकडे सांगत फिरलेली.

ताई मात्र हसल्या नाहीत. गौरीकडे बघत, मग डावीकडे बघत म्हणाल्या, "तिकडं काय बघते गो ही?"

डावीकडे स्वयंपाकघराचा बोळ, आणि बोळाच्या टोकाला बाथरूम. ताई तिकडे एक पाऊल निघाल्यासुद्धा. मी त्यांचा हात धरला.

"ताई, थांबा तुम्ही. मी आत्ता नीट करते."

घरात आलेल्या गौरीच्या डोळ्यांना हात लावत नाहीत. कारखान्यातलं शेंबडं पोरही हे सांगेल. मी लावला. ब्रश आणि रंग माझ्या पिशवीत असतातच, गणपतीत कुणाच्या ना कुणाच्या मूर्तीचा टवका उडतो. ओल्या फडक्यानं बुबुळं पुसली, तर ती काजळासारखी निघाली. कधीच वाळलेला रंग, वर वॉर्निश... तो असा निघायला नको. ते तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात फक्त त्या हसणाऱ्या बायका होत्या.

मी सगळ्यांना दटावलं, आता कुणी आवाज करायचा नाही, हात हलेल. टीव्ही बंद करवला, मिक्सर बंद करवला. घर चिडीचूप झालं. बोळातून पाण्याचा आवाज येत होता, मला वाटलं नळ चालू राहिलाय. खुर्चीवरून आजी म्हणाल्या, "सायली..." सायली म्हणजे ताईंची मुलगी. मी वळूनही न बघता हात वर करून त्यांना गप्प केलं. थोड्या वेळानं त्या पुन्हा काही बोलायला गेल्या, मी पुन्हा हात केला. त्या बिचाऱ्या गप्प बसल्या. सगळेच गप्प बसले, कारण ह्या कामातलं मला कळतं असं सगळ्यांना वाटत होतं. मी सावकाश, जीव ओतून काम केलं. डोळे सरळ झाले. जाऊबाईसुद्धा बरं झालं म्हणाल्या.

तेवढ्यात भावोजी, म्हणजे ताईंचे यजमान, धाटावच्या कंपनीतून लवकर सुटून आले. गौरीला हात जोडायच्या आधी पाय धुवायला म्हणून बाथरूमकडे गेले. दार आतून बंद, हाक मारली तर उत्तर नाही. त्यांनी दार तोडलं. सायली केस धुवायला गेली होती. खिडकी घट्ट लावलेली आणि गॅस गिझर चालू. भावोजी केमिकलमधले, गिझरचा विषारी वायू आत कोंडलाय हे त्यांना बघताक्षणी कळलं. पोरीला उचलून अंगणात वाऱ्यावर आणली आणि तशीच दवाखान्यात नेली.

वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. पण पुढे कितीतरी महिने तिचं डोकं ठणकायचं. अजूनही बोलता बोलता मध्येच थांबते आणि हसून विचारते, "मामी, मी काय सांगत होते?" मी तिला आठवण करून देते, पण तिच्याकडे बघवत नाही.

दवाखान्याच्या बाकावर बसून मी मोबाईलमधले आदल्या संध्याकाळचे फोटो मोठे करून पाहिले. एकूण एक फोटोत गौरीची नजर सरळ आहे. दोन्ही डोळे अगदी मधोमध. म्हणजे मी चुकले नव्हते. मग पूजनाच्या दिवशी घरभरच्या बायकांनी जे बघितलं ते काय होतं? मी मालकांना आडून आडून विचारलं, वाळलेला रंग उष्णतेनं सरकतो का. ते म्हणाले, उडेल, फुगेल, सरकेल कसा? तेही दोन्ही डोळ्यांत सारखाच? मला अजून पटेल असं कुणी काही सांगितलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर सांगा, पण देवीचा चमत्कार म्हणून सांगू नका. चमत्कार असेल तर तो मी माझ्या हातानं पुसलाय, आणि हे घेऊन मला झोप लागत नाही.

ताईंचं म्हणणं मात्र भलतंच आहे. गौर वाकडी बसली होती म्हणून घरावर आलं, आणि आमच्या कल्पनानं (म्हणजे मी) तिची नजर सरळ केली म्हणून पोर परत आली, असं त्या गावभर सांगतात.

यंदा पूजनाला त्यांनी शेजारणींपुढे पुन्हा तेच सांगितलं. गौरीची ओटी भरली आणि म्हणाल्या, आता हिची. माझ्यासाठी नवी साडी आणून ठेवली होती. आजी खुर्चीत बसून सगळं ऐकत होत्या. तेव्हा त्या काय सांगू बघत होत्या ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, मलाही नाही. मी मनाचा हिय्या केला, आता सांगून टाकायचं. "ताई..." मी म्हणाले. सायली नारळ घेऊन माझ्यासमोर उभी होती.

"मामी, पदर पसर ना."

मी पसरला.