चोख दुरुस्ती

तेलाचे भाव पडले त्या वर्षी आखातातल्या आमच्या कंपनीने फ्लॅट काढून घेतला. अर्बाब, म्हणजे आमचा अरब मालक, म्हणाला, “माझ्या बोटीचं इंजिन दुरुस्त करेपर्यंत तिच्यावरच राहा.” मत्रहच्या बंदरात बायको, मुलगी आणि मी अख्खा हिवाळा काढला. शहाण्या माणसाने ते काम दोन वर्षं रेंगाळवलं असतं. मी चार महिन्यांत चोख केलं. बोट लगेच विकली गेली. आता त्या दोघी रत्नागिरीला जाणार आणि मी हमरियातल्या कामगारवस्तीत, सहाजणांच्या खोलीत.

पिशव्या घेऊन आम्ही धक्क्यावर उतरलो. बोटीच्या नव्या मालकाने किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं.

“अहो, घरचा मिक्सर पंधरा वर्षांत जमला नाही तुम्हाला,” बायको म्हणाली, “हेच बरं जमलं!”

मुलीने विचारलं, “बाबा, परत बिघडेल का?”

मी कान देऊन ऐकलं. एकही ठोका चुकत नव्हता.