शुद्ध केलेल्या चुलीचा धूर

निर्धूर चुलीतून असा धूर निघाला की पुण्याहून आलेले मोठे साहेब खोकत खोकत अंगणात आले. त्यांना घालायचा हार सरपंचाच्या हातातच राहिला. मी अंगणातच उभा होतो. चूल मी घातलेली, पण ती बघायला ज्यांना आत बोलावलं त्यांत मी नव्हतो.

"मिस्त्री, हे काय?" आमचे धाकटे साहेब म्हणाले. चष्म्याआड डोळे लाल. "काल तर तू पेटवून दाखवलीस."

"काल धूर वर जात हुता, साहेब."

"मग आज काय झालं?"

"आत जाऊन बघितल्याबिगर कसं सांगू?"

आत जाणं हीच तर सगळी अडचण. ती आधी सांगतो.

मी शिरूरचा गवंडी. शाळा चौथीपर्यंत, तीही अधूनमधून. मोठा दुष्काळ नुकता सरला होता. बाभळी तोडून झाल्या होत्या, रॉकेलला रांगा होत्या. तेव्हा एका योजनेत मला रोजंदारीवर घेतलं. रोजंदारी म्हणजे काम असेल त्या दिवशी माणूस, नसेल त्या दिवशी कुणी नाही. काम होतं दौंड तालुक्यात निर्धूर चुली घालायचं.

ही चूल साधी असते. मातीचीच. पुढं जाळाचं तोंड, वर दोन भांड्यांची दोन भोकं. पहिल्या भांड्याखालचा जाळ आतल्या बोगद्यानं दुसऱ्या भांड्याखाली जातो आणि तिथून धूर नळीवाटे छपराबाहेर. एका जाळावर दोन भांडी, म्हणून सरपण कमी. सगळी करामत त्या बोगद्याची. तो मुठीएवढा हवा. मोठा झाला तर आच वाया जाते, बारीक झाला तर धूर माघारी फिरतो.

माती मळायचं काम माझी बायको शांता करायची. वारुळाची माती चाळायची, भुसकट घालायची, पायानं तुडवायची. तिनं मळलेल्या चुलीला तडा गेलेला मी पाहिला नाही. चूल घालणं मूळचं बायांचंच काम. मी नुसतं माप धरायचो आणि मिस्त्री म्हणवून घ्यायचो.

राहू गावाच्या अलीकडं एक वाडी आहे. नाव सांगत नाही, माणसं आहेत अजून. तिथल्या सरपंचाच्या घरी धाकट्या साहेबांनी मॉडेल किचन काढलं. मॉडेल किचन म्हणजे उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा, त्यावर निर्धूर चूल आणि शेजारी नवा कोरा कुकर. तो कुकर आल्या दिवशी सरपंचानं ओसरीवर मांडून त्याला हळदीकुंकू लावलं. गावानं येऊन बघितला. भात शिजवायचं कुणाच्या मनात आलं नाही.

माझ्यासाठी मात्र ते किचन मोठं होतं. साहेब म्हणाले होते, "मोठ्या साहेबांसमोर ही चूल पास झाली की तुझं पर्मनंटचं बघतो." पर्मनंट म्हणजे पावसाळ्यातही पगार. मी रोज त्याच्यावरच झोपत होतो आणि त्याच्यावरच उठत होतो.

आता अडचण. आम्ही बौद्ध. दीक्षा घेऊन बरीच वर्षं झाली होती, पण ती बातमी त्या वाडीपर्यंत पोचली नव्हती. त्यांच्या हिशेबी आम्ही जुनेच होतो. सरपंचाची आई, तिला सगळे आक्का म्हणत, ती साहेबांना म्हणाली, "त्यो भाईरून सांगंल, आमच्या बाया आत करतील."

धाकटे साहेबही पुण्याचेच. ते म्हणाले, "आक्का, बाहेरून सांगून चूल होत नाही. बाहेरून सांगून फक्त योजना होतात."

साहेबांचं ते एक वाक्य मला आवडलं. बाकी त्यांचं काही लक्षात नाही.

सरपंचाला मोठे साहेब घरी यायला हवे होते. फोटो निघणार होता. मग आम्हाला मागच्या दारानं आत घेतलं. देव्हाऱ्यावर चादर टाकली, पाण्याचा हंडा उचलून नेला, पिठाचा डबा नेला. चटणीचं भांडं राहिलं होतं, ते आक्का पळत येऊन घेऊन गेली. शांता माती मळता मळता हळूच म्हणाली, "भिंती तेवढ्या ऱ्हायल्या. त्या बी न्या म्हणावं."

सरपंचाची बायको विमल दारात बसून बघायची. डोळ्यांतून सारखं पाणी. लग्न होऊन आल्यापासून त्या घरचा धूर ती एकटी खात होती. तिनं शांताला विचारलं, "खरंच धूर येनार न्हाई व्हय?" शांता म्हणाली, "आला तर आमाला बोलवा. आमी आत येऊ, मग तुमची सासू भाईर पळंल. काही झालं तरी तुमचा फायदाच हाय."

विमल तोंडाला पदर लावून हसली.

चूल झाली, वाळली. मोठे साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी मी जाऊन धाकट्या साहेबांसमोर पेटवून बघितली. धूर सरळ नळीतून वर. चूल निवल्यावर विमलला बोगद्यात हात घालून दाखवला आणि बजावलं, आतून काही लावायचं नाही. आम्ही घरी आलो. त्या दिवशी शांतानं गोड केलं. पर्मनंट झाल्यासारखंच.

आणि दुसऱ्या दिवशी हे. कुकर चुलीवर चढवलेला, सगळे शिट्टीची वाट बघत उभे. शिट्टी काही झाली नाही. धूर झाला.

अंगणात चर्चा सुरू झाली. धाकटे साहेब म्हणाले, वाऱ्याची दिशा बदलली असेल. सरपंच म्हणाला, मातीच हलकी असेल. ते ऐकून माझ्यामागं उभ्या शांतानं मान वर केली. मी तिला डोळ्यानं गप्प केलं. मोठे साहेब रुमालानं चष्मा पुसत म्हणाले, "मिस्त्रीला आत पाठवा ना. तो बघेल."

झालं. सरपंच आईकडं बघायला लागला. आई दाराकडं. दारात आक्काच उभी होती, चौकटीला दोन्हीकडून हात लावून.

"एकडाव झालं तेवढं बास," ती म्हणाली. "पुन्यांदा कोन करत बसंल?"

"काय करत बसेल?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

मग आतून, धुरातून, विमलचा आवाज आला. ती अजून आतच होती. तिला बाहेर ये म्हणायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"सारवान," ती म्हणाली. "काल मिस्त्री गेल्यावर आत्याबाईंनी चूल शुद्ध करून घेतली. शेनाचं दोन हात, गोमूत्र घालून. वरनं बी आन् आतनं बी. मी म्हनलं, आतनं नगं. तर म्हनल्या, हात तर त्यानं आतच घातला हुता."

मोठे साहेब जोड्याकडं बघत होते. धाकट्या साहेबांची वाऱ्याची दिशा तिथंच थांबली.

मी म्हणालो, "बोगदा बुजलाय, साहेब. दुसऱ्या भोकातनं हात घालून शेन काढलं की झालं. पन मी हात घातला तर पुन्हा शुद्ध करावी लागंल. पुन्हा बुजंल. मी काढायचं, त्यांनी लावायचं, कवा संपायचं हे? घरच्याच मानसानं काढावं."

घरचं माणूस म्हणून सगळ्यांनी सरपंचाकडं बघितलं. इस्त्रीचा पांढरा नेहरू शर्ट. त्यानं आक्काच्या मागं, आत दिसणाऱ्या विमलकडं बघितलं. मोठे साहेब म्हणाले, "त्यांना नको, त्यांचे डोळे बघा. तुम्हीच काढा."

जाळ ओढला, कुकर उतरवला. सरपंच आत गेला. आम्ही अंगणातून ऐकत होतो. चूल तापलेली होती, तसा त्याच्या तोंडून एकेक शब्द येत होता. बाहेर आला तेव्हा हात कोपरापर्यंत शेण आणि काजळी, शर्टावर पाच बोटं. फोटोवाला तयारच उभा होता. त्याला वाटलं, हाच फोटो.

शांता माझ्या कानाशी म्हणाली, "बघा, आपल्या हातानं चूल बाटली आन् शेनानं शुद्ध झाली. म्हंजी आपल्यापरीस शेन बरं. आता सरपंच कुनी बाटवला म्हनायचा?"

मला हसू आवरेना. तिथंच माझं पर्मनंट गेलं.

चूल पुन्हा पेटवली. धूर वर गेला, शिट्टी झाली, हार घातला गेला. मोठ्या साहेबांनी चूल पास केली. मला पास केलं नाही. चूल चांगली आहे, पण मिस्त्री गावाशी जुळवून घेत नाही, असा शेरा पडला. पावसाळ्यात मी घरी बसलो. शांता लोकांच्या कांद्यात खुरपायला गेली. एकदाही बोलली नाही की तुम्ही हसायला नको होतं. उलट भाकरी थापता थापता मधेच तिला सरपंचाचा शर्ट आठवायचा आणि पीठ सांडायचं.

पुढच्या उन्हाळ्यात त्या वाडीवरून निरोप आला. नळीत चिमणीनं घरटं केलंय, येऊन काढा. आम्ही गेलो. आक्का ओसरीवर बसली होती. मी मागच्या दाराकडं वळलो तर म्हणाली, "हिकडनंच जा. आन् सारवायची न्हाई ती आता. त्या दिसापासनं डोळं चुरचुरत्यात माझं."

तिचं मन बदललं, असं कुणी समजू नये. तिच्या डोळ्यांत धूर गेला होता, एवढंच. विमलच्या डोळ्यांत तो कितीतरी वर्षं जात होता, तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. विमलनं आम्हाला चहा दिला, घरच्या कपात. आक्कानं तोंड दुसरीकडं केलं, पण कप काही फोडला नाही.

शांता गेली. आता माझ्याकडं गॅस आहे. सारवायचं काही नाही आणि हसायला कुणी नाही. ही गोष्ट तीच चांगली सांगायची, सरपंचाचा हात करून दाखवायची.

चूल कुणीही घालू द्या. धुराची वाट तेवढी मोकळी ठेवा. ती बुजवणारा आधी बाहेर पळतो, आणि आत जी स्वयंपाक करत असते ती तिथंच राहते.